‘आधी माणसं कमी करा’ हे गणित कुठे चुकतं

एक मजकूर या ना त्या रूपात सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: हवामान बदल, जंगलतोड, पाणीटंचाई, बेरोजगारी या सगळ्यांचं मूळ एकच आहे, वाढती लोकसंख्या. पर्यावरणवाले घाबरून त्यावर बोलत नाहीत. सरकारांनी कायदा करून अपत्यांवर मर्यादा घातली की कार्बनचं उत्सर्जन घटेल आणि अर्थव्यवस्थाही सावरेल. यात थोडं खरं आहे, म्हणून तो पटतो. एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘लोकसंख्येचा स्फोट चालूच आहे’

वाढ चालू आहे, पण तिचा वेग केव्हाच ओसरला आहे. १९६०च्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढत होती. आज हा दर एक टक्क्याच्या खाली आहे. तेव्हा एका स्त्रीमागे सरासरी पाच मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास. निम्म्याहून अधिक देशांत हा आकडा २.१च्या, म्हणजे पिढीच्या जागी पिढी येण्यापुरत्या पातळीच्या, खाली गेला आहे. भारतातही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो २.० निघाला. २०८०च्या दशकात जगाची लोकसंख्या १,०३० कोटींच्या आसपास कळस गाठेल आणि मग हळूहळू उतरू लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४चा अंदाज आहे.

‘माणसं वाढली म्हणून उत्सर्जन वाढलं’

खरा वाद इथे आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्यांच्या हाती इथे एक बळकट आकडाही आहे. १९५०मध्ये जगात सुमारे २५० कोटी माणसं होती आणि इंधनं जाळून वर्षाला सुमारे ६०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. आज माणसं ८०० कोटींच्या वर आहेत आणि उत्सर्जन ३,७०० कोटी टनांच्या घरात. म्हणजे माणसं सव्वातीन पट झाली आणि दरडोई उत्सर्जन जेमतेम दुप्पट. मग दोष लोकसंख्येचाच, नाही का?

नाही. हा गोंधळ जगाची एकच सरासरी काढल्यामुळे होतो. माणसं एका ठिकाणी वाढली आणि धूर दुसऱ्या ठिकाणी. अमेरिकेत दरडोई उत्सर्जन वर्षाला १४ टनांच्या आसपास आहे. नायजरमध्ये एका स्त्रीमागे सहा मुलं असतात आणि दरडोई उत्सर्जन अमेरिकेच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकं. आफ्रिका खंडात जगातली १८ टक्क्यांच्या आसपास माणसं राहतात, पण जागतिक उत्सर्जनात त्या खंडाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. देशांच्या सीमा बाजूला ठेवून केवळ मिळकतीप्रमाणे माणसं मांडली, तर वरच्या दहा टक्क्यांच्या वाट्याला जवळपास निम्मं उत्सर्जन येतं आणि खालच्या निम्म्या जगाच्या वाट्याला साधारण दहावा हिस्सा.

याहून स्पष्ट पुरावा चीनचा. इतिहासातलं सगळ्यात कडक कुटुंब नियंत्रण तिथे झालं. एक-अपत्य धोरण १९८०च्या सुमारास आलं आणि २०१५पर्यंत टिकलं. या पस्तीस वर्षांत लोकसंख्या ४० टक्क्यांच्या आसपास वाढली आणि कार्बन उत्सर्जन सहा पटींच्या वर गेलं. मूल एक राहिलं, पण कोळशावरची वीजकेंद्रं, पोलाद आणि सिमेंट किती, याचं उत्तर त्या धोरणात नव्हतं. ब्रिटनमध्ये उलट घडलं. १९९०नंतर तिथली लोकसंख्या सुमारे एक कोटीने वाढली, अर्थव्यवस्थाही बरीच मोठी झाली, पण देशातलं उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आलं. शेवटचं कोळसा वीजकेंद्र सप्टेंबर २०२४मध्ये बंद झालं. यातली काही घट कारखाने दुसऱ्या देशांत गेल्यामुळे दिसते, हेही सांगायला हवं. आयात मालामागचं उत्सर्जन धरलं तर ब्रिटनची कामगिरी इतकी चमकदार राहत नाही. पण माणसं वाढत असताना धूर कमी होऊ शकतो, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

लोकसंख्येला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ मी काढणार नाही. भूजल, शेतजमिनीचे तुकडे, शहरातलं सांडपाणी हे प्रश्न जागेशी बांधलेले आहेत, आणि त्या त्या जागी किती माणसं राहतात याने ते खरोखर कठीण होतात. मात्र भूजलाचा प्रश्न आणि हवामानाचा प्रश्न एकाच पोत्यात भरले की दोन्हींची उत्तरं चुकतात.

‘पर्यावरणवाले या विषयावर गप्प बसतात’

इतिहास माहीत नसला की असं वाटतं. १९६०-७०च्या दशकांत, विशेषतः अमेरिकेतल्या पर्यावरण चळवळीत, लोकसंख्या हाच ठळक विषय होता. पुढे १९९८मध्ये सिएरा क्लब या तिथल्या मोठ्या पर्यावरण संस्थेने, लोकसंख्या रोखण्यासाठी, देशात येणाऱ्यांचं स्थलांतर कमी करण्याची मागणी करावी का, यावर संस्थेच्या सभासदांमध्ये चक्क मतदान झालं आणि बहुमत तटस्थ राहण्याच्या बाजूने पडलं. विषय मागे पडला तो असा भांडून, आणि सक्तीचे परिणाम पाहून.

‘कायदा करा, प्रश्न मिटेल’

१९७४मध्ये बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताच्या प्रतिनिधिमंडळाचे प्रमुख करणसिंह यांनी विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक असल्याचं सांगितलं होतं. दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्याच करणसिंहांनी आरोग्यमंत्री म्हणून जाहीर केलेल्या लोकसंख्या धोरणाने राज्यांना सक्तीच्या नसबंदीचे कायदे करण्याची मोकळीक दिली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७७च्या निवडणुकीत सरकार गेलं आणि कुटुंब नियोजन या विषयाचीच लोकांना अशी धास्ती बसली की कार्यक्रम कित्येक वर्षं मागे पडला.

सक्तीवाचून काय होतं तेही दिसतं. चीनमध्ये जन्मदराची सगळ्यात मोठी घसरण एक-अपत्य धोरणाच्या आधीच, १९७०च्या दशकात झाली होती. तो ‘उशिरा लग्न, कमी मुलं’ मोहिमेचा काळ. तीही सौम्य नव्हती, पण एका मुलाचा नियम तेव्हा नव्हता. बांगलादेशात १९७०च्या दशकात एका स्त्रीमागे सातच्या जवळपास मुलं होती. हा आकडा अडीचच्या खाली आला तो मुलींच्या शिक्षणामुळे, बालमृत्यू घटल्यामुळे आणि घरोघरी गर्भनिरोधकं घेऊन जाणाऱ्या आरोग्य कर्मचारी स्त्रियांमुळे. जगात आजही निम्म्याच्या जवळपास गर्भधारणा अनियोजित असतात. ज्यांना मूल नको आहे त्यांना साधनं मिळाली, तर कायद्याच्या धाकाची गरज कुणाला उरते?

वेळेचा हिशेबही जुळत नाही. पॅरिस हवामान करारातली १.५ अंश तापमानवाढीची मर्यादा पाळायची, तर कार्बन उत्सर्जन २०५०च्या सुमारास निव्वळ शून्यावर, म्हणजे जितकं हवेत जाईल तितकंच परत शोषलं जाईल अशा पातळीवर, यायला हवं. तोवर आई-बाप होणारी बहुतेक माणसं आजच जन्मलेली आहेत. त्यांनी कमी मुलं होऊ दिली तरी तरुणांचं प्रमाण मोठं असल्याने लोकसंख्या काही दशकं वाढतच राहते. जन्मदराने उत्सर्जनात जी घट यायची ती या शतकाच्या उत्तरार्धात. वीजकेंद्रं, वाहनं आणि घरं कशावर चालतील हे मात्र येत्या पंचवीस वर्षांतच ठरायचं आहे.

‘माणसं कमी म्हणजे अर्थव्यवस्था टिकाऊ’

इथे मजकूर सगळ्यात निष्काळजी आहे. जपानमध्ये कमावत्या वयाच्या लोकांची संख्या १९९५नंतर घटू लागली, आणि वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा व आरोग्यखर्चाचा भार कमी होत गेलेल्या खांद्यांवर आला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या वर गेलं. घटती पिढी हे त्यामागचं एक कारण. शिवाय माणसं घटताना घरं त्या प्रमाणात घटत नाहीत. एकेकट्या माणसाचं घर वाढतं आणि दरडोई वीज जास्त लागते.

यावरून काही जण थेट दुसऱ्या टोकाला जातात: जास्त मुलं जन्माला घाला, नाहीतर अर्थव्यवस्था बुडेल. तोही तितकाच उथळ सल्ला. इराणने दोन्ही करून पाहिलं. १९८९मध्ये छोट्या कुटुंबाचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८०च्या दशकात एका स्त्रीमागे सहाच्या वर गेलेला जन्मदर २०००च्या सुमारास दोनच्या आसपास आला. मग सरकारला वृद्ध होत जाणाऱ्या देशाची चिंता लागली आणि २०२१च्या कायद्याने सरकारी दवाखान्यांतून मोफत गर्भनिरोधकं देण्यावर बंधनं आली. जन्मदर अजून दोनच्या खालीच आहे.