गावाचं नाव वाचून फसू नका

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाइन समजायला अवघड आहेत असं म्हणून एका लेखात विषय द्राक्षांच्या जातींवर नेलाय. पण जाती तिथे मुख्यतः दोनच: लालसाठी पिनो न्वार, पांढऱ्यासाठी शार्दोने. खरी गोची जमिनीच्या नावांची आहे.

माझीच फजिती सांगतो. 'झेव्रे-शांबेर्तां' लिहिलेली बाटली मी शांबेर्तां समजून मिरवत घरी आणली. प्रत्यक्षात शांबेर्तां हा एक नामांकित ग्रां क्र्यू, म्हणजे तिथल्या सर्वोच्च दर्जाचा, मळा. शेजारच्या झेव्रे गावाने १८४७ मध्ये त्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं! म्हणजे नुसतं 'शांबेर्तां' असेल तर मळ्याची वाइन, 'झेव्रे-शांबेर्तां' असं जोडनाव असेल तर गावची. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

दुसरं उदाहरण क्लो द वूझोचं. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवाल्यांनी दगडी भिंत घालून राखलेला सुमारे ५० हेक्टरचा मळा, आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची जमीन जप्त झाली, पुढे विक्री आणि वारसावाटण्यांत तुकडे पडत गेले. आपल्या सातबाऱ्यावरची भाऊबंदकी आठवते ना, अगदी तसंच. वरच्या अंगाला पाण्याचा निचरा चांगला, खाली रस्त्याकडची माती जड आणि ओलसर. पण लेबलावर दोघांचाही दर्जा ग्रां क्र्यूच.

म्हणून तिथे आधी उत्पादकाचं नाव बघायचं, मग मळ्याचं. आणि सुरुवात महागड्या बाटलीने तर अजिबात नको; बर्गंडीच्याच माकों भागातली साधी शार्दोने घ्या, फार थंडगार न करता.