शहाळी, ४ नग, २४० रुपये

माझी भाची पुण्यात नोकरीला आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव मात्र लिहीत नाही. दोन महिन्यांपूर्वी तिचं आणि त्या मुलाचं तुटलं. अडीच वर्षांचं होतं. का तुटलं ते त्या दोघांचं, मी त्यात पडत नाही. पण तुटल्यावर नवव्या दिवशी त्याने तिला व्हॉट्सअॅपवर एक्सेलची फाईल पाठवली. एकसष्ट ओळी. तारीख, तपशील, रक्कम. खाली बेरीज १,१४,३७० रुपये, आणि फाईलखाली एक ओळ : "महिनाअखेरपर्यंत जीपे कर."

पोरीने ती फाईल मला पाठवली आणि लगेच फोन केला. "मावशी, हे द्यावे लागतात का गं?"

मी सगळ्या ओळी वाचल्या. वाढदिवसाचा ड्रेस, इअरफोन, महाबळेश्वरला गेले होते त्याचं अर्धं पेट्रोल, टोल. पाणीपुरीसुद्धा. अडतिसाव्या ओळीवर होतं : शहाळी, ४ नग, २४०. मी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, "मला डेंग्यू झाला होता ना मावशी, तेव्हा ऑफिसवरून येताना तो रोज एक आणायचा." शहाळेवाल्याकडून तोंड सोलून घ्यायचा, वरची पातळ चकती तशीच ठेवायची म्हणजे सांडत नाही, आणि रूमवर येऊन चमच्याच्या दांड्याने भोक पाडून द्यायचा. हे तिने मला रडत रडत सांगितलं. तिच्या प्लेटलेट्स तेव्हा चाळीस हजारांवर आल्या होत्या.

तेव्हापासून ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. कारण माझी खात्री आहे की त्याने ती शहाळी मनापासून आणली होती. आजारी माणसासाठी शहाळं घेताना कोणी मनात उधारी मांडत नाही. मग तेव्हा जे प्रेमाने आणलं, ते आज येणं कसं झालं? नातं तुटलं म्हणून मागच्या तारखेने खातं उघडता येत नाही. पैशापेक्षा मला हेच जास्त लागलं. त्याने तिच्याकडून लाखभर रुपये मागितले ते एक, पण तिला ताप चढलेला असताना कोणीतरी आपल्यासाठी धडपडत होतं ही तिच्याजवळची आठवणही त्याने त्या फाईलने काढून घेतली.

आणि तिने केलेलं कुठे आहे त्या फाईलमध्ये? दर रविवारी दोन डबे करून न्यायची. त्याच्या बहिणीचे अॅडमिशनचे फॉर्म रात्री जागून भरलेत. त्याला किंमत नव्हती म्हणून ओळ नाही.

आता कायद्याचं. मी सांगलीत एका वकीलसाहेबांकडे बावीस वर्षं टायपिंग करते. बक्षीसपत्रं किती टाईप केली त्याला गणती नाही. त्यातले शब्द पाठ झालेत : राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ मध्ये बक्षीस म्हणजे काय ते दिलंय. देणाऱ्याने स्वखुशीने, मोबदला न घेता दिलं आणि घेणाऱ्याने स्वीकारलं, की ते बक्षीस. घर-जमीन असेल तर नोंदणी लागते, ड्रेस नि इअरफोनला तेही नाही, वस्तू हातात दिली की झालं. आणि कलम १२६ प्रमाणे निव्वळ देणाऱ्याची मर्जी फिरली म्हणून ते परत घेता येत नाही. फसवणूक, धाकदपटशा असेल तर वेगळं. किंवा अमुक घडलं तर परत द्यायचं असं देतानाच दोघांनी ठरवलं असेल, आणि ते घडणं देणाऱ्याच्या मर्जीवर नसेल, तर वेगळं. ड्रेस देताना "आपलं तुटलं तर परत दे" असं कोण बोलतं? आणि दोघांनी मिळून खाल्लेली पाणीपुरी नि जाळलेलं पेट्रोल, त्यात परत द्यायला उरलंय काय?

पण त्या फाईलमध्ये एक ओळ खरी होती. २५,०००, रूमचं डिपॉझिट. मी विचारलं तर म्हणाली, "ते मी मागून घेतले होते. बोनस आला की देते म्हणाले होते, राहूनच गेलं." मी म्हटलं, मग ते आत्ताच्या आत्ता पाठव. फोन ठेवायच्या आधी पाठव. उसने ते उसने. वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, त्यानंतर मुदतीबाहेर जातो, हे खरं. पण मुदत गेली म्हणून उसने घेतलेले आपले होत नाहीत. तो कसा वागला याचाही इथे संबंध नाही. तिने पाठवले, स्क्रीनशॉट मला दाखवला.

माझी जाऊबाई म्हणाली, "आपण आहेराच्या वह्या ठेवतोच की. कोणी पाचशे दिले, कोणी भांडं दिलं, सगळं लिहितो. मग त्या पोराने लिहिलं तर काय बिघडलं?" यावर मी दोन दिवस विचार करत होते. वही आमच्याकडेही आहे, सासूबाईंच्या हातची, लाल कापडी पुठ्ठ्याची. पण ती वही आपण देण्यासाठी बघतो. त्यांच्याकडे कार्य निघालं की आपण पान उलटतो, आपला आहेर कमी पडू नये म्हणून. ती वही काखेत मारून कोणी कोणाच्या दारात वसुलीला गेल्याचं मी आजवर ऐकलं नाही. संबंध तुटला तरी नाही.

माझंच सांगते. १९९७ साली माझा साखरपुडा झाला होता, इचलकरंजीच्या मुलाशी. दीड महिन्यात मोडला. कारण लिहीत नाही, दोन्ही घरची माणसं हयात आहेत. त्यांनी मागायच्या आधीच अण्णांनी त्यांच्याकडून आलेलं सगळं काढून ठेवलं. अंगठी तिच्या डबीत, चांदीचा करंडा फडक्यात, आणि साखरपुड्यात ओटीत घातलेली साडी, हिरवी इरकल, मी एकदाच नेसलेली. आईने ती इस्त्री करून आणली होती. अण्णा आणि मामा एसटीने गेले. तिकडच्यांनी आमचं घड्याळ, सफारीचं कापड, अंगठी समोर आणून ठेवलं. बोलणं फारसं झालं नाही. अण्णांनी साडी पुढे केली तेव्हा मुलाची आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "ती नको. ओटीत घातलेलं परत घेत नसतात. पोरीला नेसू दे."

अण्णांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा दीड महिना त्या घराला बोल लावणारी माझी आई गप्प बसली. पुढे १९९९ साली याच भाचीच्या बारशाला मी ती साडी नेसले.

अंगठी मात्र परत गेली, आणि तेच योग्य होतं असं मला आजही वाटतं. अंगठी होणाऱ्या सुनेची होती, ती सून मी झालेच नाही. यात जगभर एकमत नाही. इंग्लंडमध्ये १९७० च्या कायद्याप्रमाणे साखरपुड्याची अंगठी ही कायमची भेट धरतात, अट होती असं सिद्ध केलं तरच परत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्तर हजार डॉलरच्या अंगठीवर निकाल दिला : लग्न झालं नाही तर अंगठी परत, चूक कोणाची हे बघायचंच नाही. त्याआधी १९५९ पासून तिथे चूक बघत होते. मला हा २०२४ चा निकाल पटतो. चूक कोणाची हे ठरवायला बसलं की सगळी उणीदुणी चव्हाट्यावर येतात, आणि ती अंगठीच्या मोलाने भरून निघत नाहीत. (लग्न होऊन मोडलं तर हे लावू नका. स्त्रीधन बाईचंच, सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच स्वच्छ सांगितलंय.)

मुलींनाही हेच. ओळखीतल्या एकीने मुलाला दिलेलं मनगटी घड्याळ त्याच्या ऑफिसच्या गेटवर उभं राहून काढून घेतलं होतं. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. काहीतरी मिळावं म्हणूनच दिलं असेल, तर तो आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार झाला, त्याला भेट म्हणू नये.

भाचीकडे आणखी एक वस्तू होती, त्या फाईलमध्ये नसलेली. पहिल्या दिवाळीला त्याच्या आईने तिला मोत्याच्या कुड्या दिल्या होत्या. "माझ्या सासूबाईंच्या आहेत, आता तुझ्या," म्हणाल्या होत्या. कायद्याने विचाराल तर त्याही बक्षीसच. तिने मला विचारलं, यांचं काय करू? मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मला त्या घालवणार नाहीत. आणि कुरिअरने पाठवायचं धाडस होत नाही."

मागच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. मुलगा घरी नव्हता, तशीच वेळ काढली होती. बाईंनी डबी उघडली, एका कुडीच्या फिरकीचं मळसूत्र ढिलं होतं ते बोटाने फिरवून बघितलं, आणि डबी तशीच मांडीवर ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "एवढ्यासाठी सांगलीहून आलात ताई?" चहा केला. भाचीला विचारलं, "जेवतेस ना नीट? डेंग्यूनंतर किती उतरली होतीस." फाईलचं त्यांना माहीत नव्हतं. भाचीने सांगितलं नाही, मीही नाही.

उरलेल्या साठ ओळींना तिने उत्तर दिलेलं नाही.