लिस्बनच्या खानावळींना तारे देण्यापूर्वी

गेल्या महिन्यात माझी मावसबहीण, तिचे यजमान आणि दोन मुले चार दिवस लिस्बनला राहून गेली. परत निघताना तिने विमानतळावरूनच आल्फामा या जुन्या वस्तीतल्या एका छोट्या जेवणघराविषयी अभिप्राय लिहिला, एक तारा दिला आणि तो मला पाठवला. न मागता पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवले व त्यांचे पैसे बिलात लावले. बिल मागेपर्यंत कोणी फिरकले नाही. शाकाहारी काही मिळाले नाही. मालकाला इंग्रजी येत नाही. चारही गोष्टी खऱ्या होत्या. मी त्या रात्री त्यांच्याबरोबर जेवायला होते, त्यामुळे त्या चार खऱ्या वाक्यांतून ती जागा कशी आहे हे वाचणाऱ्याला काहीही कळत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. तिच्याशी मी फोनवर बोलले आहेच, पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. गेली नऊ वर्षे मी या शहरात राहते आणि पुण्या-मुंबईहून येणारा प्रत्येक ओळखीचा माणूस मला 'जेवायला कुठे जायचे' हेच आधी विचारतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

इथल्या साध्या जेवणघराला 'ताश्का' म्हणतात. रेस्टॉरंट या शब्दाने त्याचा नीट बोध होत नाही. आपल्याकडचा जवळचा शब्द खानावळ हाच आहे. ताश्कांचा इतिहासही खानावळीसारखाच आहे. स्पेनच्या गालिसिया प्रांतातून पोटासाठी लिस्बनला आलेली माणसे कोळसा विकत, त्याच दुकानात पिंपातला वाईन विकत आणि पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी चार पदार्थ शिजवू लागत. जुन्या ताश्कांपैकी बऱ्याच अशा कोळशाच्या दुकानांतून उभ्या राहिल्या. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांसाठी बायांनी खानावळी चालवल्या, तो इतिहास ज्याला माहीत आहे त्याला ताश्का समजायला वेळ लागत नाही. ती पाहुण्यांसाठी निघालेली जागा नाही. रोज दुपारी घरी जाऊ न शकणाऱ्या माणसाला घरच्यासारखे, झटपट आणि परवडेल असे जेवण मिळावे यासाठी ती आहे, आणि तिचे मोजमापही त्याच कामावरून व्हायला हवे असे माझे ठाम मत आहे.

मी राहते त्या ग्रासा भागातल्या एका ताश्काचे उदाहरण घ्या. सात टेबले, त्यांवर कापडाऐवजी पांढरा कागद, आणि काचेवर निळ्या शाईत हाताने लिहिलेला दिवसाचा बेत. याला 'प्रातु दु दिया' म्हणतात आणि तो वारागणिक बदलतो. दुपारी पाऊण वाजता आत गेले की रंगकाम करणारी माणसे, बँकेतल्या दोघी आणि कोपऱ्यात रोजचे एक आजोबा बसलेले असतात. मी बहुतेक वेळा तळलेले छोटे कारापाव घेते. हा मासा दिसायला साधारण आपल्या बांगड्यासारखा, पण बोटाएवढा. पिठात घोळवून अख्खा तळतात आणि काट्यासकट खातात. सोबत टोमॅटोचा भात येतो. हा भात मुद्दाम ओलसर ठेवलेला असतो, ताटलीत घातला की हळूहळू पसरतो, आणि तो पसरला पाहिजे अशीच खाणाऱ्याची अपेक्षा असते. कोरडा झाला तर ते आजोबा ताटली परत पाठवतात. जेवण झाले की मालकीणबाई कानावरचे पेन काढतात, टेबलावरच्या कागदावरच बेरीज मांडतात आणि कागद माझ्याकडे वळवतात. सूप, भात-मासा, पाव, वाईनचा लहान ग्लास आणि शेवटी बीका, म्हणजे लहान कपातली कडक कॉफी, हे सगळे मिळून बारा-तेरा युरोंत होते. याच जागेवर एका प्रवाशाने 'भात पाणचट आणि जास्त शिजलेला' असे लिहून दोन तारे दिले आहेत. पुरणपोळी गोड लागली म्हणून गुण कापण्यासारखे हे आहे. पदार्थ कसा असायला हवा हे ठाऊक नसताना तो कसा झाला आहे हे आपण कशाच्या आधारावर सांगणार?

आता बहिणीच्या तक्रारींकडे येते, कारण त्या वारंवार ऐकू येतात. बसल्याबरोबर टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज येते. त्याला 'कुव्हेर' म्हणतात आणि त्याची किंमत मेनूवर छापलेली असते. ते फुकट नसते, पण घेण्याची सक्तीही नसते. ग्राहकाने न मागितलेल्या किंवा न वापरलेल्या कुव्हेरचे पैसे आकारता येणार नाहीत, असे 2015 च्या पोर्तुगीज कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. नको असेल तर 'नाउं, ओब्रिगादु' म्हणावे, बाई बोलत असेल तर 'ओब्रिगादा'. ते मुकाट्याने उचलून नेतात आणि कोणाला राग येत नाही. खाल्ले तर मात्र पैसे द्यावे. त्या रात्री आमच्या मुलांनी पावाच्या दोन टोपल्या संपवल्या होत्या. पाव हा शब्दच ज्यांच्या भाषेतून मराठीत आला त्यांच्याकडे पावाला किंमत आहे, याचे आपल्याला वाईट वाटायला नको.

बिलाचेही तसेच. मागितल्याशिवाय बिल आणणे म्हणजे पाहुण्याला उठा म्हणणे, असे इथे मानतात. 'आ कोंता, फाश फावोर' एवढे म्हटले की बिल येते. टीप देण्याचे बंधन नाही, करही दरात धरलेला असतो. या गोष्टी अभिप्रायात तक्रार म्हणून लिहिण्याऐवजी माहिती म्हणून लिहिल्या तर मागून येणाऱ्या माणसाचे खरोखर भले होईल.

शाकाहाराची तक्रार मात्र मी पूर्णपणे मान्य करते, आणि ती प्रत्येकाने लिहावीच. सार्वजनिक उपाहारगृहांत, म्हणजे शाळा, रुग्णालये, विद्यापीठे अशा ठिकाणी, शाकाहारी पर्याय ठेवणे पोर्तुगालने 2017 च्या कायद्याने बंधनकारक केले. खासगी ताश्कांना तो कायदा लागू नाही आणि त्यांच्या स्वयंपाकात मांस कुठे-कुठे शिरते हे बाहेरच्याला कळत नाही. 'काल्दु व्हेर्द' हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या पालेभाजीचे सूप दिसायला निर्धोक असते, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती ठेवलेली असते. उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्याच्या दाण्यांत तेच सॉसेज शिजलेले असते. भात पुष्कळदा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजवतात. नुसते 'सैं कार्न', म्हणजे मांसाशिवाय, म्हटले तर ते आनंदाने मासा आणून देतात. म्हणून 'सैं कार्न, सैं पैश, सैं शोरीसु', म्हणजे मांस, मासा आणि सॉसेज नको, असे तिन्ही सांगावे लागते. उलट 'पैशिन्युश द ऑर्ता' या पदार्थाच्या नावाचा अर्थ 'मळ्यातले छोटे मासे' असा आहे, पण तो निव्वळ फरसबीच्या शेंगांचा असतो. शेंगा उकडून पिठात बुडवून तळतात, आपली भजीच म्हणा. पिठात अंडे असते, तेवढे चालत असेल तर तो डोळे मिटून मागवावा. माझ्या सासूबाईंनी आठ दिवस यावर, दिवसाच्या भाजीच्या सुपावर आणि ताज्या चीजवर काढले. एखाद्या अभिप्रायात 'शाकाहारी काही नाही' एवढे लिहिण्याऐवजी 'सुपात मांसाचे पाणी आहे का, हे विचारल्यावर खरे सांगितले' असे एक वाक्य आले, तर ते मला दहा ताऱ्यांपेक्षा जास्त कामाचे वाटेल.

ऋतू आणि वार हे दोन शब्द तर अभिप्रायांत जवळजवळ कधीच दिसत नाहीत, आणि सगळ्यात मोठा अन्याय तिथेच होतो. लिस्बन म्हणजे भाजलेली सार्डिन, आपली तारली, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्के बसलेले आहे. ती खरी चांगली जून ते सप्टेंबरच्या सुमारास असते, तेव्हा तिच्यात चरबी भरलेली असते. 12 जूनच्या रात्री, सांतु आंतोनियूच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, आल्फामाच्या गल्ल्यागल्ल्यांत लोक दाराबाहेर शेगड्या मांडतात आणि पावाच्या जाड तुकड्यावर अख्खी तारली ठेवून हातानेच खातात. पावात तेल मुरत जाते आणि शेवटी तो पावच सगळ्यात चविष्ट लागतो. फेब्रुवारीत जी तारली ताटात येते ती बहुधा बर्फात साठवलेली असते. तिच्यावर 'कोरडी आणि बेचव' असे लिहिणारा माणूस खोटे बोलत नाही, पण महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असताना मालवणी खानावळीत जाऊन ताज्या पापलेटाची परीक्षा करण्यासारखेच ते आहे. तसेच सोमवारचे. कोळी रविवारी समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी ताजा मासा मागू नये, हे इथल्या माणसाला घरातच शिकवलेले असते. सोमवारी बाकाल्याव खावा. तो खारवून वाळवलेला कॉड मासा मुळात उत्तरेकडून, नॉर्वे-आइसलँडच्या समुद्रातून येतो आणि पाणी बदलत-बदलत दिवस-दोन दिवस भिजवल्यावरच शिजतो, त्यामुळे त्याला वार नाही. मांस आणि भाज्या एकत्र उकडून केलेला 'कुझीदु' मात्र ठरलेल्या वारीच होतो. आमच्याकडे गुरुवारी असतो आणि दीडनंतर संपलेला असतो.

मी सगळ्यांची बाजू घेते असे कोणी समजू नये. बाइशा या मध्यवर्ती भागात, जिथे दारात उभी असलेली माणसे पाच भाषांतला फोटोंचा मेनू दाखवून आत बोलावतात, तिथे एका ठिकाणी माझीच फसगत झाली आहे. मी नवीन होते. मासा किलोच्या दराने विकला जातो हे मेनूत बारीक अक्षरांत लिहिले होते. वेटरने मासा दाखवला, वजन सांगितले नाही, आणि दोघांच्या जेवणाचे एकशे दहा युरो झाले. तेव्हापासून मी मासा शेगडीवर जाण्यापूर्वी वजन आणि रक्कम विचारते. अशा जागेवर जरूर कडक लिहावे, पण 'लुटारू' हा शब्द लिहून थांबू नये; काय मागवले, दर काय होता, काय सांगितले नाही, हे लिहावे. प्रत्येक जेवणघरात तक्रारवही ठेवणे इथे कायद्याने सक्तीचे आहे आणि ग्राहकाने मागितली की ती द्यावीच लागते. मी त्या रात्री ती मागितली नाही याची मला आजही रुखरुख आहे.

नावे विचाराल तर मोठ्या, जुन्या आणि गर्दी पचवू शकणाऱ्या जागांची नावे मी मोकळेपणाने सांगते. आव्हेनिदा आल्मिरांत रेइशवरचे 1956 पासूनचे रामीरू शिंपल्या-कोळंबीसाठी आहे, स्वस्त नाही, आणि तिथे सगळे खाऊन झाल्यावर गोडाऐवजी गोमांसाच्या तुकड्याचा पाव खाण्याची पद्धत आहे. बेलेंमधले 1837 पासूनचे पाश्तैश द बेलें हे मिठाईचे दुकान रांग लावण्याच्या योग्यतेचे आहे. तिथली कस्टर्डने भरलेली पापुद्र्याची वाटी गरम असतानाच, वर दालचिनी भुरभुरून खावी. 1882 च्या रिबैरा बाजारात 2014 पासून जे मोठे खाद्यदालन सुरू झाले आहे, तिथे शाकाहारी आणि मांसाहारी एकाच टेबलावर जेवू शकतात, म्हणून मुलाबाळांच्या कुटुंबाला मी ते सुचवते. पण त्याच छताखालच्या दुसऱ्या भागात सकाळी मासळी आणि भाजीचा खरा बाजार भरतो, तो अधिक पाहण्यासारखा आहे.

सात टेबलांच्या ताश्काचे नाव मात्र मी जाहीर लिहीत नाही, आणि याबद्दल माझ्यावर काही मित्र नाराज आहेत. 2012 मध्ये भाड्याचे कायदे सैल झाल्यावर या शहरात जुन्या इमारतींची हॉटेले होत गेली आणि तळमजल्यावरच्या कित्येक खानावळी उठल्या. ऐतिहासिक दुकानांना संरक्षण देण्यासाठी नगरपालिकेने योजना आणली, 2017 मध्ये त्यासाठी देशाचा कायदाही झाला, पण प्रत्येक छोटी ताश्का त्या यादीत बसत नाही. वाईट अभिप्रायाने अशा जागेचे फारसे बिघडत नाही, कारण रोजचे गिऱ्हाईक इंटरनेट पाहून येत नाही. तिचे नुकसान होते ते अतिस्तुतीने. दारात चाळीस पाहुण्यांची रांग लागली की रंगकाम करणाऱ्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत टेबल मिळत नाही. मग दर वाढतात, मेनूवर फोटो येतात, आणि ओलसर भाताऐवजी सगळ्यांना चालेल असा कोरडा भात शिजू लागतो. कांपु द ओरीकमध्ये एका जागी हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून मी भाग सांगते: ग्रासा, आल्व्हालाद, कांपु द ओरीक, नाहीतर होडीने नदी ओलांडून कासील्यश. तिथे आठवड्याच्या दिवशी साडेबाराला चालत राहावे आणि काचेवर हस्ताक्षर व आत कामाच्या कपड्यांतली माणसे दिसली की शिरावे.

गोव्याशी नाते असलेल्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. 1961 नंतर थेट गोव्यातून आणि 1975 नंतर मोझांबिकमधून अनेक गोवेकर कुटुंबे इथे आली, त्यामुळे शागुती, सारापातेल आणि बेबिंका देणारी छोटी जेवणघरे या शहरात आहेत. कोपऱ्यावरच्या अगदी साध्या कॅफेच्या काचपेटीतही बाकाल्यावच्या वड्यांशेजारी 'शामुसा' असतो, बहुतेकदा खिम्याचा. तिथली शागुती आईच्या हातच्या शागुतीसारखी नाही, अशी तक्रार मी वाचली आहे. दोन समुद्र ओलांडून, दोन पिढ्यांनंतर, वेगळ्या मिरचीने आणि वेगळ्या नारळाने केलेली ती शागुती आहे, आणि तिला स्वतःची चव आहे. मला ती मनापासून आवडते.

बहिणीने आपला अभिप्राय काढला नाही, आणि मी तसे सुचवलेही नव्हते. तिने त्यात भर घातली: मंगळवार, रात्री आठ, पाचजण; कुव्हेर नको असल्यास परत करता येते; ऑक्टोपस मऊ होता आणि अर्धी 'दोझ', म्हणजे अर्धा वाटा, दोघांना पुरली; शाकाहारी माणसाने आधी विचारून जावे. तारे तीन केले. ऑगस्टमध्ये येणाऱ्यांसाठी माझ्याकडून एवढीच पुस्ती: त्या महिन्यात बऱ्याच ताश्का दोन-तीन आठवडे बंद असतात, दारावर सुट्टीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असतो, तेव्हा निघण्यापूर्वी मला एकदा विचारा.