ठशात बुद्धी असती तर जुळ्यांचं काय?

भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरला. कदाचित तुमच्याकडेही पोचला असेल. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, आता बोटांतही दिसतात!' अशी त्याची सुरुवात. पुढे दावे तीन. बुद्धी ८० टक्के अनुवांशिक असते हे विज्ञानाने सिद्ध केलंय. ठसे आणि मेंदू गर्भात एकत्रच घडतात, म्हणून बोटं स्कॅन केली की मुलाचा जन्मजात कल कळतो. आणि ठसे मरेपर्यंत बदलत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट एकदाच काढायचा. सगळ्यात खाली रविवारची वेळ, भावंडांना सवलत.

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. त्यामुळे लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, सगळीकडे एकच प्रश्न: 'मॅडम, करून घेऊ का?' एकेकीला सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

आधी ठशांचं, कारण खरा धंदा तिथे आहे. त्वचा आणि मज्जासंस्था गर्भातल्या एकाच थरातून तयार होतात, हे खरं. पण केस, नखं आणि दातांवरचं एनॅमलही त्याच थरातून येतं. मग करिअरचा सल्ला सलूनमध्येच का घेऊ नये?

ठशांचा शास्त्रीय अभ्यास होतो, तेही खरं. त्याला डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव १९२६ साली हॅरल्ड कमिन्स यांनी दिलं. डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात अवस्थांमध्ये हाताच्या रेषा आणि ठसे वेगळे आढळतात. पण तिथून 'तुमचा मुलगा सीए होणार' इथवर उडी मारायला कसलाही पूल नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये ठशांवरून कल सांगणाऱ्या या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचं सांगितलंय.

त्यापेक्षा सोपा पुरावा आमच्या बी विंगमध्ये राहतो. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणी, सहावीत. दोघींची बोटं मागे एकदा अशीच स्कॅन झाली होती. एकीला 'विश्लेषक, कॉमर्स', दुसरीला 'कलावंत, नृत्य'. आई दोन्ही फायली घेऊन माझ्याकडे आली. रंगीत पानं, मेंदूची चित्रं, टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत. वेगळं येणारच होतं! एकसारख्या जुळ्यांचे जनुक जवळपास तंतोतंत सारखे असतात, पण ठसे कधीच सारखे नसतात. गर्भाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोटावरच्या रेषा उमटतात, तेव्हा कोण कुठे टेकलंय, भोवतालच्या द्रवाचा दाब किती, बोटाची वाढ किती वेगात चाललीय, यावर नक्षीचा तपशील ठरतो. म्हणजे ज्याला हे लोक जन्मजात नशिबाचा शिक्का म्हणतात, तो ठसासुद्धा काही अंशी परिस्थितीनेच घडवलेला.

गंमत अशी की निसर्ग विरुद्ध संगोपन हा वाद या शब्दांत रूढ करणारे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन ठशांचेही अभ्यासक होते. बुद्धी रक्तातून येते असं म्हणणाऱ्यांत ते सगळ्यांत पुढे. ठशांत बुद्धीची, वंशाची खूण सापडेल अशी त्यांना फार आशा होती. १८९२ च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच लिहून टाकलं की तसं काही सापडलं नाही. १३० वर्षांपूर्वी निकालात निघालेलं प्रकरण आता आमच्या क्लब हाऊसमध्ये सवलतीत मिळतंय.

आता ते ८० टक्के. अनुवंशाचा बुद्धीशी संबंध नाही असं मी मुळीच म्हणत नाही. 'सगळं संस्कारांवर असतं' म्हणणाऱ्या आजीही तितक्याच चुकतात. तान्हेपणीच वेगळ्या होऊन वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा मिनेसोटात अभ्यास झाला, त्यात बुद्ध्यांकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के वाटा अनुवंशाचा निघाला. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. तुमच्या चिनूच्या डोक्यात ७० टक्के आईबाबा आणि ३० टक्के ट्यूशन, असा त्याचा अर्थ होत नाही. उंचीचंच बघा. तीही ८० टक्क्यांच्या आसपास अनुवांशिक धरतात. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. जनुक तेच, ताटातलं अन्न बदललं.

शिवाय हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर यांच्या २००३ च्या अभ्यासात खात्यापित्या घरांतल्या मुलांमध्ये अनुवंशाचा वाटा मोठा दिसला आणि गरीब घरांत जवळजवळ शून्य. मला याचं फार नवल वाटलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, म्हणून पुस्तक घेऊन जिन्यात बसणाऱ्या पोरी माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांच्या जनुकांना अजून संधीच कुठे मिळालीय?

'खाण तशी माती' आपणच म्हणतो, आणि ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो हेही आपणच म्हणतो. मेसेजवाल्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

राहिला तिसरा दावा. ठशाची नक्षी बदलत नाही, मान्य. (भांडी घासून झिजते मात्र. आमच्या मावशींचा अंगठा रेशनच्या मशीनवर चार वेळा दाबल्याशिवाय लागत नाही. त्यांची बुद्धी झिजली म्हणायची का?) पण बदलत नाही ती नक्षी, मेंदू नव्हे. तो शिकताना बदलतो. आणि हे मेसेजवाल्यांनाही पक्कं ठाऊक आहे. जुळ्यांच्या फायलींचं शेवटचं पान मी उघडलं, तर दोघींसाठी एकच सूचना होती: जन्मजात कमी पडलेली क्षमता वाढवण्यासाठी आमचा तीन महिन्यांचा कोर्स.