अमीरनं फेडलं का?

"गल्लीतलं मी समजू शकतो. घड्याळाचं नाही," वकील म्हणाला आणि वाद पेटला.

ठाण्याच्या तलावपाळीवर, गडकरी रंगायतनजवळ आमचा कट्टा जमतो. या रविवारी विषय होता खालिद हुसैनी यांची 2003 सालची कादंबरी, 'द काइट रनर'. मास्तरांनी मराठी अनुवाद वाचला, बाकीच्यांनी इंग्रजी, आणि सगळेच आतून हलले होते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: काबूल, 1975 चा हिवाळा. श्रीमंत पश्तून घरातला अमीर आणि त्याच घरचा नोकर अली याचा मुलगा हसन, हजारा म्हणजे तिथे हिणवल्या जाणाऱ्या जमातीतला. पतंगांच्या स्पर्धेत अमीर जिंकतो. शेवटचा काटलेला पतंग त्याच्यासाठी आणायला हसन धावतो आणि एका गल्लीत आसेफ नावाचा दांडगा पोरगा त्याच्यावर बलात्कार करतो. अमीर लपून बघतो आणि पळून जातो. पुढे हसन डोळ्यांसमोर नको म्हणून वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि पैसे त्याच्या गादीखाली ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो.

"बारा वर्षांचं पोर घाबरलं, मान्य," वकील म्हणाला. "पण घड्याळ हा थंड डोक्यानं केलेला घात आहे."

मास्तरांनी बोट बाबांकडे, म्हणजे अमीरच्या वडिलांकडे वळवलं. चोरीएवढं मोठं पाप नाही म्हणणारा हा माणूस, हसननं "मीच चोरलं" म्हणताच त्याला तिथल्या तिथे माफ करतो. कारण हसन त्यांचाच मुलगा. "अलीशी दगा बापानं आधीच केलाय. पोराला एकट्यालाच कशाला फासावर चढवता?"

वहिनी चिडल्या. "मघापासून अमीर आणि त्याचा बाप! हसनचं काय?" अमीरची पहिली गोष्ट त्यांना नेमकी आठवत होती. एका माणसाला जादूचा प्याला सापडतो, त्यात पडलेल्या अश्रूंचे मोती होतात, आणि मोत्यांच्या हव्यासापायी तो बायकोचा जीव घेतो. अक्षरओळख नसलेला हसन विचारतो, रडायचंच होतं तर कांदा का नाही हुंगला? "एवढं हुशार पोर! त्यावरही अमीर मनातून जळतो. पुढे तालिबाननं हसनला गोळी घातली. आता माफी कोण देणार? आणि हे काबूलपुरतं आहे असं समजू नका. आपल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या ताईंचा कप अजून वेगळा ठेवणारी घरं आहेत."

यावर कुणीच काही बोललं नाही. मग धाकटा म्हणाला, "पण मोठेपणी हसनच्या मुलाला सोडवायला जाऊन आसेफचा मार खाल्ला ना त्यानं? बरगड्या मोडल्या, ओठ फाटला. फिटलं की."

मला हे अजिबात पटत नाही. मार खाताना अमीर हसतो, त्याला मोकळं वाटतं. म्हणजे तो मार त्याच्या स्वतःसाठीच. शिवाय त्यानंतरही तो घात करतोच. हसनच्या मुलाला, सोहराबला, अनाथाश्रमात पाठवणार नाही असा शब्द देतो आणि मग थोडे दिवस तरी राहावं लागेल म्हणतो. ते पोर हाताच्या नसा कापून घेतं.

माझ्या मते अमीर बदललेला दिसतो तो जेवणाच्या टेबलावर, अमेरिकेत. सासरे, जनरलसाहेब, विचारतात की घरात हा हजारा पोरगा का, लोकांना काय सांगायचं? अमीर सगळं उघड करतो: वडिलांना नोकराच्या बायकोपासून झालेला मुलगा हसन, आणि हा त्याचा मुलगा, माझा पुतण्या. माझ्यासमोर पुन्हा त्याला 'हजारा पोरगा' म्हणायचं नाही, त्याचं नाव सोहराब आहे. त्या गल्लीत पळताना अमीरनं मनाची समजूत कशी घातली होती? हसन शेवटी एक हजाराच तर आहे. त्या वाक्याला सव्वीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर. बापाची अब्रू आणि सासऱ्याची मर्जी, दोन्ही पणाला लावून.

"पण घड्याळाचं हसनपाशी कुठे कबूल केलं?" वकिलानं हेका सोडला नाही.

"त्याला माहीत होतंच," मास्तर म्हणाले. "माहीत असूनच तो 'मीच चोरलं' म्हणाला."

"म्हणून तर जास्त राग येतो," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बाबांचा मित्र रहीम खान याचं अमीरला लिहिलेलं पत्र घ्यायचं ठरलंय. बाबांची सगळी दानतही अपराधी भावनेतून आली, असं तो त्यात लिहितो, आणि त्यावरून मास्तर आणि वहिनींची आत्ताच जुंपली आहे.