डिस्क भरली, पण कशाने?

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा एक कारखाना आहे. तेथे जॅकार्डची, म्हणजे विणतानाच कापडात उठविल्या जाणाऱ्या नक्षीची, डिझाइन्स युनिक्स या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या ज्या वर्कस्टेशनवर तयार होतात, त्याची देखभाल माझ्याकडे असते. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मी वातानुकूलित खोलीत बसतो म्हणून सारे माझा हेवा करतात. डिस्क भरल्याची ओरड होते त्या दिवशी मात्र तो हेवा कोठे जातो, कळत नाही.

परवा डिस्कवरील जागेचा हिशेब देणारी 'डीएफ' ही आज्ञा म्हणाली की डिस्क शंभर टक्के भरली आहे, आणि 'डीयू' या दुसऱ्या आज्ञेच्या मते ती निम्मी मोकळी होती. हिशेबनिसांनी लगेच एकीला खोटे ठरविले. वस्तुतः दोघीही खरेच बोलत होत्या, कारण डीएफ वापरात असलेले सर्व ब्लॉक, म्हणजे डिस्कवरील जागेचे तुकडे, मोजते आणि डीयू केवळ डिरेक्टरीत, म्हणजे फायलींच्या यादीत, नाव सापडणाऱ्या फायलींची बेरीज करते. युनिक्समध्ये फाइल पुसली की तिचे नाव जाते. पण एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती उघडी धरली असेल, तर तो ती सोडेपर्यंत तिचे ब्लॉक, रेशनकार्डावरून नाव कमी होऊनही खोली न सोडणाऱ्या पाहुण्यासारखे, जागा अडवून बसतात.

"अहो, बंद करून चालू करा की!" मालक म्हणाले. दुर्दैव असे की हा उपाय लागू पडला असता. मात्र डिझाइन करणाऱ्या मुलाचा अर्धा मोर पडद्यावर होता, आणि भरलेल्या डिस्कवर तो सेव्ह होत नव्हता. यंत्र बंद करणे म्हणजे मोराला मूठमाती देणे.

अखेर उघड्या फायलींची यादी देणाऱ्या 'एलएसओएफ' या आज्ञेने नाव गेलेल्या, तरीही उघड्या असलेल्या फायली दाखविल्या. छपाईची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम एका अवाढव्य लॉग फाइलला धरून बसला होता. आमच्या मदतनिसाने जागा व्हावी म्हणून ती सकाळीच पुसली होती, आणि काम झाले की चकार शब्द न काढणे ही युनिक्सची रीत असल्यामुळे त्याला जागा झाल्याची खात्रीच पटली होती. (मोठ्याने बोलण्याची सवय असलेल्या आमच्या गावाला हे मौन मानवत नाही.) तो प्रोग्रॅम मी पुन्हा सुरू केला, जागा मोकळी झाली आणि मोर सेव्ह झाला.

"म्हणजे शेवटी बंद करून चालूच केलंत ना?" मालकांनी विचारले.

यंत्र आणि प्रोग्रॅम यांतील भेद मी सविस्तर समजावू लागलो, तोच हिशेबनिसांनी प्रिंटर चालत नसल्याची तक्रार आणली, आणि मालकांनी माझ्याकडे न पाहताच त्यांना उपाय सांगून टाकला.