तुमचं पुस्तक युनिव्हर्सिटी प्रेसकडून येतंय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी अभिनंदन, आणि अगदी मनापासून. युनिव्हर्सिटी प्रेसच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या प्रकाशन संस्थेच्या, न्यूजलेटरमध्ये 'नवीन प्रकाशनं' म्हणून जी यादी येते त्यात तुमचं नाव आलं, कव्हरचा नखाएवढा फोटो आला, खाली तीस टक्के सवलतीचा कोड आला, अजून काय पाहिजे माणसाला. पुस्तक छापून येणं तसं सोपं असतं हो, सात-आठ वर्षं जातात फक्त, पण आल्यावर कसं वागायचं हे कोणी शिकवत नाही आणि मग चांगले शिकलेसवरलेले लोक भलत्या अपेक्षा धरून बसतात, म्हणजे कोणीतरी वाचेल वगैरे. तसं होऊ नये म्हणून हे थोडे सल्ले. फुकट आहेत, त्यामुळे पीअर रिव्ह्यू (विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून पाहणं) झालेला नाही.

जे अजून प्रपोजलच्या पायरीवर आहेत त्यांनी शीर्षकाकडे नीट बघा. कोलन पाहिजेच. कोलनच्या आधी कवितासंग्रहाला शोभेल असं काहीतरी धूसर, आणि कोलननंतर खरं काय ते, म्हणजे 'सावल्यांचे हिशेब : एका बंदरातील जकातीच्या नोंदवह्यांचा पुनर्विचार, १८३१ ते १८३४' असं काहीसं. पुनर्विचार हा शब्द सोडू नका. त्या नोंदवह्यांचा याआधी कोणी एकदाही विचार केलेला नसला तरी पुनर्विचारच म्हणायचं, नुसता विचार म्हटलं की प्रबंध वाटतो.

वेळ लागतोय म्हणून कुरकुर करू नका. केंब्रिजला आठव्या हेन्रीने पुस्तकं छापायची सनद दिली १५३४ साली, आणि तिथल्या प्रेसचं पहिलं पुस्तक आलं १५८४ साली. पन्नास वर्षं! आणि तुम्ही चौदा महिन्यांत संपादकाला तिसरा रिमाइंडर टाकताय. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीचा करार झाला १८७९ मध्ये, दहा वर्षांत काम उरकेल असं ठरलं होतं, पाचव्या वर्षी पहिला भाग बाहेर पडला तेव्हा 'ए' हे अक्षरसुद्धा पुरं झालं नव्हतं, आणि सगळं संपायला १९२८ उजाडलं, तोवर मुख्य संपादक जेम्स मरे यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. तेव्हा डेडलाइन हा शब्द या धंद्यात जरा सैल घ्यायचा असतो, तुमच्यासाठीची सोडून.

मग छापण्याआधी हस्तलिखिताचे रिव्ह्यू येतात. दोन येतात साधारण. पहिला रिव्ह्यूअर म्हणतो पुस्तक छान आहे, चार ओळींत. दुसरा नऊ पानं लिहितो आणि त्याचं सार एवढंच असतं की लेखकाने हे पुस्तक न लिहिता दुसरंच लिहायला हवं होतं, जे योगायोगाने त्याने स्वतः आधीच लिहिलेलं आहे. नावं गुप्त असतात हं. पण एकाच माणसाचे पाच लेख 'लेखकाच्या नजरेतून सुटलेले दिसतात' असं कोणी म्हणत असेल तर तो कोण हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. तुम्ही काय करायचं, तर पाचही लेख पहिल्या प्रकरणाच्या एका तळटीपेत एका दमात कोंबायचे आणि उत्तरात लिहायचं की या मौलिक सूचनेमुळे युक्तिवादाला नवी धार आली. युक्तिवादाला हात लावायची गरज नाही. पुढे ते सगळं प्राध्यापकांच्या मंडळापुढे जातं, तिथे तुमच्या विषयातलं कोणी असेलच असं नाही, त्यामुळे तिथे सहसा काही अडत नाही.

यानंतर मार्केटिंगवाले एक फॉर्म पाठवतात. हा फॉर्म मला फार आवडतो. त्यात विचारलेलं असतं की तुमच्या पुस्तकाचा वाचक कोण, आणि आजवर झाडून सगळ्या लेखकांनी एकच उत्तर दिलेलं आहे, 'अभ्यासक, विद्यार्थी आणि सुजाण सामान्य वाचक'. हा सुजाण सामान्य वाचक प्रत्येक फॉर्मवर हजर असतो, पुस्तकाच्या दुकानात मात्र तो कोणाला भेटलेला नाही. पुढचा रकाना, कोणत्या नियतकालिकांत परीक्षण येऊ शकेल, वीस नावं द्या. तुम्ही बसून वीस द्या. परीक्षण एकात येईल, तीन वर्षांनी, तोपर्यंत तुमचं तुमच्याच पुस्तकाबद्दलचं मत बदललेलं असेल, आणि शेवटचं वाक्य 'या क्षेत्रातील ही एक स्वागतार्ह भर आहे' असंच असणार. त्याच्या आधीच्या परिच्छेदात दोन छापखान्याच्या चुका पान नंबरासकट दाखवलेल्या असतील. म्हणजे परीक्षण करणाऱ्याने ती दोन पानं तरी वाचली, हे धरून चालायला हरकत नाही.

चुकांवरून आठवलं, प्रूफं डोळ्यात तेल घालून वाचा, पण त्यातूनही काही राहिलंच तर मनाला लावून घेऊ नका. ऑक्सफर्डमध्ये जे पहिलं पुस्तक छापलं गेलं ते १४७८ चं, आणि त्यावर साल पडलंय १४६८. रोमन आकड्यांतला एक एक्स, म्हणजे दहा, गळाला. म्हणजे तिथल्या छपाईचा श्रीगणेशाच चुकीने झाला आणि तरी त्यांचं काही वाकडं झालं नाही. शिवाय सालाच्या बाबतीत आजच्या प्रेसही काही कमी नाहीत, वर्षाच्या शेवटी शेवटी आलेल्या पुस्तकावर आत सरळ पुढच्या वर्षाचं साल टाकतात, म्हणजे पुस्तक वर्षभर ताजं दिसतं. फरक इतकाच की ती चूक नव्हे, त्याला धोरण म्हणतात.

आता मागची सूची, म्हणजे इंडेक्स. बहुतेक प्रेस हे काम लेखकाच्याच गळ्यात मारतात, नाहीतर पदरचे पैसे घालून सूचीकार शोधा म्हणतात, आणि वेळ देतात दोन-तीन आठवडे. इथे अजिबात आळस करू नका कारण तुमच्या पुस्तकातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग हाच. कॉन्फरन्समध्ये प्रेसच्या टेबलापाशी उभे राहून बघा, प्राध्यापक पुस्तक उचलतो, कव्हरकडे ढुंकूनही बघत नाही, मागून उघडतो आणि बोट थेट स्वतःच्या आडनावावर. सापडलं तर चेहरा खुलतो, कोणत्या पानावर आहे ते काढून बघतो, तिथे आपल्याशी सहमती आहे की टीका हे तपासतो आणि पुस्तक खाली ठेवतो. नाही सापडलं तर ऋणनिर्देश उघडतो. तिथेही नसेल तर मग तो तुमच्या पद्धतीशास्त्रात गंभीर त्रुटी आहेत असं संध्याकाळी तीन जणांना सांगतो. तेव्हा प्रत्येकाचं नाव कुठेतरी घाला, 'या संदर्भात पाहा' म्हणून घाला, काही झिजत नाही. संकल्पनांच्या नोंदी मात्र एकमेकांकडे ढकलायच्या, सत्ता, पाहा ज्ञान. ज्ञान, पाहा सत्ता. त्यात शोधणारा थकतो आणि पुस्तक सखोल आहे असं त्याचं मत होतं.

किंमत बघून तुम्हालाच घेरी येईल, तर बसून बघा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी १८७८ मध्ये प्रेस काढली तेव्हा त्यांची भूमिका अशी होती की ज्ञान फक्त रोज तासाला बसणाऱ्यांपुरतं ठेवायचं नाही, दूरदूर पोचवायचं, हे युनिव्हर्सिटीचं उदात्त कर्तव्य आहे. आता ते कर्तव्य जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत काही शे प्रतींमध्ये पार पडतं आणि त्यातल्या बहुतेक ग्रंथालयांत जातात. ग्रंथालयांचं बजेट आटलं म्हणून प्रती कमी खपतात, कमी खपतात म्हणून किंमत वाढते, किंमत वाढली म्हणून ग्रंथालयं घेत नाहीत. पेपरबॅक काढा म्हणालात तर संपादक अगदी गोड आवाजात सांगणार की हार्डबाउंड संपली की बघू. म्हणजे स्वस्त आवृत्ती हवी असेल तर आधी महागडी सगळी विकली गेली पाहिजे, आणि ती विकली जात नाही कारण ती महाग आहे. यात कोणी लबाड नाहीये, हीच तर खरी पंचाईत आहे.

ऑक्सफर्डने १७१६ मध्ये कॉप्टिक भाषेतला, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिश्चनांच्या जुन्या भाषेतला, बायबलचा नवा करार छापला होता, ५०० प्रती. शेवटची प्रत विकली गेली १९०७ मध्ये. हिशेब करा, १९१ वर्षं. एवढ्या काळात त्यांनी ते पुस्तक ना रद्दीत घातलं ना यादीतून काढलं. खरं तर याला मी हसायला बसलो होतो, पण वर्षाला अडीच-तीन प्रती खपणारं पुस्तक दोन शतकं सांभाळणारा दुसरा प्रकाशक आणायचा कुठून. असो. सल्ला एवढाच की रॉयल्टीचं पहिलं स्टेटमेंट आलं की घाबरू नका, १९१ वर्षांचा अवधी धरा.

आणि वाचक नाही कसा? आहे. प्राध्यापकांची बढती ठरवणारी प्रमोशन कमिटी. तुमचं पुस्तक ज्याच्यासाठी लिहिलं गेलं तो खरा वाचक हा, आणि तो पुस्तकाचा कणा वाचतो. कण्यावर प्रेसचं नाव कोणतं एवढं बघितलं की त्याचं काम झालं, कारण आतलं वाचून बरंवाईट ठरवायचं काम प्रेसने आधीच दोन अनोळखी लोकांकडून करून घेतलेलं आहे, परत कोण वाचणार. म्हणजे युनिव्हर्सिटीने आपल्याच लोकांची पारख करायचं काम दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या प्रेसला आउटसोर्स केलंय, आणि तेही फुकटात. फुकटात म्हणण्याचं कारण, प्रेसला पैसे द्यायची वेळ आली की यांचे हात आखडतात. २०१९ मध्ये स्टॅनफर्डने, अब्जावधी डॉलरची गंगाजळी असलेल्या स्टॅनफर्डने, स्वतःच्या प्रेसला मिळणारी वर्षाची १७ लाख डॉलरची मदत बंद करायचं काढलं होतं. प्राध्यापक मंडळी जगभरातून तुटून पडली तेव्हा पाऊल मागे घेतलं. विद्वत्तेसाठी एवढा गलका बऱ्याच दिवसांनी ऐकू आला. गलका करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या प्रेसचं शेवटचं पुस्तक स्वतःच्या पैशाने घेतलं होतं हे विचारू नका, चांगल्या प्रसंगी असं विचारत नाहीत.

काही जण म्हणतील की ओपन ॲक्सेस करा, नेटवर फुकट ठेवा. जरा जपून. पैसे कोणीतरी भरायचेच असतात, कधी लेखकाची संस्था, कधी ग्रंथालयं मिळून, जसं एमआयटी प्रेसने २०२१ पासून सुरू केलंय की ग्रंथालयांनी वर्गणी घातली की पुस्तक सगळ्यांना खुलं. योजना उत्तमच आहे, पण यात लेखकाचा एक मोठा आधार जातो. आतापर्यंत कोणी वाचलं नाही तर किंमतीवर ढकलता येत होतं. फुकट झाल्यावर काय सांगणार?

खपलं तरी वाचलं जाईल याची हमी नाहीच. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१४ मध्ये थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाचं भांडवलावरचं सातशे पानांच्या घरातलं पुस्तक इंग्रजीत आणलं आणि ते बेस्टसेलर झालं, प्रेसवाल्यांनाही झेपेना इतकं. तेव्हा जॉर्डन एलेनबर्ग या गणितज्ञाने गंमत म्हणून किंडल या ई-बुक वाचायच्या यंत्रावर लोकांनी सर्वात जास्त अधोरेखित केलेल्या ओळी तपासल्या, तर वरच्या पाचातली शेवटची ओळ पान २६ वर होती. यातून घ्यायचा धडा साधा आहे, जे काही म्हणायचंय ते पंचविसाव्या पानापर्यंत उरका. पुढे नकाशे टाका, परिशिष्टं टाका, तक्ते टाका.

एक धोका राहिला सांगायचा. दुर्मीळ आहे पण होतो. एखाद्या दिवशी अनोळखी पत्त्यावरून मेल येतं, कोणीतरी बंदरावरच काम करून रिटायर झालेला माणूस, कुठल्याशा ग्रंथालयातून तुमचं पुस्तक काढून त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं असतं. तो लिहितो की आवडलं, पण पान १४३ वरच्या तक्त्यात १८३२ च्या बेरजेत गडबड दिसते, आणि ती दुरुस्त केली तर चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष उलटा होतो, असं मला वाटतं, चूकभूल द्यावी घ्यावी. घाबरू नका. तो तक्ता दोन्ही रिव्ह्यूअरनी, संपादकाने, मंडळाने आणि परीक्षणकर्त्याने पास केलेला आहे, तुमची बाजू भक्कम आहे. मेलला दोन आठवडे उत्तर देऊ नका, घाईने दिलेलं उत्तर विद्वत्तेला शोभत नाही. मग लिहा की हा महत्त्वाचा मुद्दा पुढच्या पुस्तकात विस्ताराने घेण्याचा मानस आहे. आणि त्याने स्वतःची प्रत हवीये असं म्हटलं असेल तर तुमच्या वाट्याच्या प्रती केव्हाच नातेवाइकांत वाटून झाल्या असतील, तेव्हा त्याला तो तीस टक्क्यांचा कोड पाठवा. मुदत संपलीये का तेवढं आधी बघा.